कुटुंबप्रमुखाचे मैल

ज्या शहरात विमान उतरत नाही, त्या शहरात बसून विमान कंपनी निवडायला छाती लागते. ती बोरसे सरांकडे होती. सुरतेला विमानतळ नव्हता असं नाही. पण शहाण्णव साली तिथे विमान उतरताना पाहिल्याचं शपथेवर सांगणारा माणूस सर राहत त्या भेस्तानात तरी कोणी नव्हता. सुरतेत उडणाऱ्या वस्तू दोनच. एक उत्तरायणातला पतंग आणि दुसरी मुंबईला जाणारी फ्लाइंग रानी, आणि तीसुद्धा रुळांवरून.

सुकदेव बोरसे लिंबायतच्या महापालिका शाळेत मराठी माध्यमाच्या मुलांना गणित शिकवत. त्यांची एकुलती एक मुलगी योगिता कापडाच्या रसायनशास्त्रात पुढचं शिकायला अमेरिकेला निघाली होती, आणि तेही शिष्यवृत्तीवर. बोरसे घराण्यातला तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास अमळनेर ते सुरत एवढाच होता. तो सरांच्या वडिलांनी केला होता, पॉवरलूमवर उभं राहायला. त्याच कापडाचं शास्त्र शिकायला त्यांची नात समुद्र ओलांडणार, हे सर रोज कोणाला ना कोणाला सांगत. ज्यांना सांगून झालं होतं त्यांना पुन्हा सांगत, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष पहिल्या वेळी पुरतं नव्हतं असा त्यांना संशय होता.

रिंग रोडवरच्या तिकीट एजंटाने दोन कंपन्यांची माहितीपुस्तकं हातात ठेवली आणि प्रकरणाला तोंड फुटलं. दोन्ही कंपन्यांची नावं घेताना जीभ अडखळे, म्हणून घरात त्यांना विमानाच्या शेपटीवरच्या चित्रांवरून नावं पडली. एक उंटवाले, वाळवंटातून जाणारे. दुसरे चिमणीवाले, युरोपातून जाणारे. दोघांच्याही पुस्तकात शेवटी एक फ्रीक्वेंट फ्लायर योजना होती. वारंवार उडणाऱ्यांनी सभासद व्हावं, जितके मैल उडाल तितके नावावर जमा होतील, पुरेसे जमले की एक तिकीट फुकट.

"पप्पा, हे धंदेवाल्यांसाठी असतं," योगिता म्हणाली. "मी दोन वर्षांत एकदा जाणार, एकदा येणार. मला काय करायचंय?"

"मैल मिळतात ना?"

"मिळतात."

"फुकट मिळतात ना?"

"हो, पण..."

"मग ते गुण झाले. मिळणारे गुण सोडायचे नसतात."

योगिताने पुढे वाद घातला नाही. दहावीला तिला गणितात अठ्ठ्याण्णव पडले, तेव्हा उरलेले दोन कुठे गेले हे विचारायला सर थेट गांधीनगरला बोर्डाच्या कचेरीत जाऊन आले होते. ते दोन मिळाले नाहीत, पण सरांनी त्यांचा नाद अजून सोडलेला नव्हता.

हे बोलणं चालू होतं तेव्हा प्रमिलाबाई, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, खाली बसून मेथी निवडत होत्या. फुकट तिकीट हे शब्द कानावर पडले तसा त्यांचा हात थांबला.

"पोरले डिग्री देतस तठे मायबापले बसू देतस का?" त्यांनी विचारलं.

प्रमिलाबाईंनी चोवीस वर्षांच्या संसारात स्वतःसाठी काही मागितल्याचं सरांना आठवत नव्हतं. हेही मागणं नव्हतं, साधी चौकशी होती. पण सरांना ती लागली.

"बसू देतस," ते म्हणाले. "तू पयल्या रांगम्हा बसशी. या मैलवर तुले लई जासू. मना शब्द शे."

खिडकी उघडी होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं की बोरसे सर बायकोला मैलांवर अमेरिकेला नेणार. शब्द घरात दिला असता तर तो घरात मिटवता आला असता. सोसायटीला कळलेला शब्द मात्र पाळावाच लागतो.

मग निवड सुरू झाली, आणि सल्ले आपण होऊन चालत आले. समोरच्या ब्लॉकमधले अविनाश मोडक बँकेत होते आणि एकदा रजा-प्रवास सवलतीत मुंबई ते बंगलोर विमानात बसलेले होते. त्यामुळे सोसायटीतले विमानतज्ज्ञ तेच.

"बोरसे सर, उंटवाल्यांच्या नादी लागू नका. वेळ पाळणार नाहीत. चेहऱ्यावरूनच दिसतंय."

"कोणाच्या चेहऱ्यावरून?"

"उंटाच्या."

शेजारचे मगनभाई साडीचे आडतिये होते. त्यांच्या मते विमानाचा आणि वेळेचा संबंधच नव्हता, खरा प्रश्न जेवणाचा होता. "मास्तरसाहेब, जमण केवुं आपे छे ते पहिलं बघा. छोकरी भूखी रहे तो माइलने शुं करवाना?"

सरांनी तपकिरी कागदावर तक्ता आखला. जेवण, वेळ, वाटेतला मुक्काम, मैलांची मुदत, पुस्तकाच्या कागदाचा दर्जा, असे शंभर गुण. दोन संध्याकाळी बसून त्यांनी दोघांना तपासलं. दोघांनाही एकाहत्तर पडले. सरांनी फेरतपासणी केली, तरी एकाहत्तरच. तेव्हा त्यांनी दोन्ही कंपन्यांना स्वतःच्या अक्षरात इंग्रजीतून पत्र लिहिलं. योगिताने ते वाचलं तेव्हा त्यात एक वाक्य असं होतं: माझी कन्या वारंवार उडणार नाही, परंतु जेव्हा उडेल तेव्हा मनापासून उडेल.

उंटवाल्यांकडून पुन्हा तेच पुस्तक आलं. चिमणीवाल्यांकडून पत्र आलं, प्रिय श्री. बोरसे अशी सुरुवात असलेलं आणि खाली सही. सरांनी बोट ओलं करून सहीवर फिरवलं. शाई पसरली. सही खरी होती. सरांनी त्या सहीबद्दल चिमणीवाल्यांना एक गुण वाढवून दिला आणि त्या एका गुणावर चिमणीवाले निवडले गेले. सोसायटीत पेढे वाटले नाहीत एवढंच.

फॉर्म मात्र सरांनी कोणाला भरू दिला नाही, आणि सगळी गोची तिथेच झाली. पहिलीच ओळ होती, सभासदाचं नाव. इथे दुसरा कोणी क्षणभर थांबला असता. सर थांबले नाहीत. घरात येणारं कार्ड कुटुंबप्रमुखाच्या नावावर असतं हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. रेशनकार्ड तसंच असतं. वर प्रमुख, खाली बाकीची युनिटं. साखर आणायला कोणीही जावो, कार्ड प्रमुखाचं. त्याच न्यायाने उडायला कोणीही जावो. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, सुकदेव दगा बोरसे. जन्मतारीख एक जून, कारण त्यांना शाळेत घालताना गुरुजींनी अर्ध्या वर्गाला तीच दिली होती. आणि खाली रिकाम्या जागेत: युनिट दोन, सौ. प्रमिला. युनिट तीन, कु. योगिता, प्रत्यक्ष प्रवासी.

"कार्ड कोना नावनं शे?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"घरनं शे," सर म्हणाले. "म्हंजे मना नावनं."

रेशनकार्डावरची दुसरी ओळ प्रमिलाबाईंना सवयीची होती.

सभासद क्रमांक आधी पत्राने आला. तो योगिताने ऑगस्टात मुंबईच्या काउंटरवर दिला. आडनाव जुळत होतं, कोणी काही विचारलं नाही, आणि आठ हजारांवर मैल सरांच्या नावावर जमा झाले. सर त्या दिवशी लिंबायतला सातवी ब मध्ये लसावि शिकवत होते.

योगिताच्या पहिल्या पत्रातून विमानात चढतानाच्या पासाचा तुकडा आला. वर तिचं नाव, खुर्चीचा नंबर, चिमणी. सरांनी तो लिंबायतच्या फ्रेमवाल्याकडे नेला आणि शिसवी रंगाच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात वडिलांच्या फोटोशेजारी टांगला. प्रमिलाबाईंनी काचेवर कुंकू लावलं. मगनभाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी आनंदाने चंदनाचा हार आणून फ्रेमला घातला. आणलेला हार काढायचा कसा, म्हणून तो राहिला.

दोन दिवसांनी पोस्टमन सभासद कार्डाचं रजिस्टर पाकीट घेऊन आला. त्याने भिंतीवर मुलीचं नाव वाचलं, हार पाहिला, शेजारी आजोबा पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढली.

"केवढी होती, सर?"

"बावीस," सर अभिमानाने म्हणाले.

"अरेरे. कशाने गेली?"

"स्वतःच्या हुशारीने!"

पोस्टमन सही न घेताच गेला. मागून प्रमिलाबाईंनी हार काढून सासऱ्यांच्या फोटोला घातला, जिथे तो शोभला.

आता कार्ड होतं, फ्रेम होती, आणि शब्द दिलेला होता. मग गणिताच्या शिक्षकाने उशिरा का होईना गणित मांडलं. फुकट तिकिटाला लागणार सत्तर हजार मैल. योगिता एकदा गेली, आठ हजार. एकदा येणार, आणखी आठ. या वेगाने प्रमिलाबाईंचं तिकीट दोन हजार पाचच्या सुमाराला निघत होतं, आणि पदवी अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात होती. सरांनी गणित तीनदा केलं. मुलांना ते नेहमी सांगत की उत्तर आवडलं नाही म्हणून बदलत नाही. त्या दिवशी त्यांना ते वाक्य आवडलं नाही.

हे ते प्रमिलाबाईंना सांगू शकले नाहीत. तिकडे थंडी असते असं कोणीतरी सांगितल्यामुळे प्रमिलाबाई योगिताचे जुने कॅनव्हासचे बूट घालून रोज संध्याकाळी सोसायटीला चार फेऱ्या मारू लागल्या होत्या. साडीखाली पांढरे बूट घालून चालणाऱ्या बायकोकडे सर गॅलरीतून बघत आणि आत येऊन पुन्हा गणित करत.

इथे मगनभाई धावून आले. त्यांचा भाचा हिऱ्यांच्या कामासाठी दर दोन महिन्यांनी ब्रुसेल्समार्गे अँटवर्पला जाई, मेव्हणा लंडनला साड्या घेऊन जाई. दोघंही चिमणीवाल्यांचेच गिऱ्हाईक. "एमां शुं, मास्तरसाहेब! तमारो नंबर आपी देशे. एमने क्यां जोईए छे माइल?"

उडायचं त्या दोघांनी, नंबर द्यायचा सरांचा. सरांना यात वावगं काही दिसलं नाही. मोडकांच्या कार्डावरचं उरलेलं रॉकेल वर्षानुवर्षं बोरसेंकडे येत होतं आणि बोरसेंची साखर मोडकांकडे जात होती. कार्ड आपलं, युनिट शेजारचं. सोसायट्या अशाच चालतात.

नेहमीच्या गिऱ्हाइकांना काउंटरवर कोणी आडनावावरून अडवलं नाही, आणि मैलांचा पाऊस पडू लागला. वर्षभरात सरांना चंदेरी कार्ड आलं, बरोबर सामानाला बांधायच्या दोन पट्ट्या. एक त्यांनी शाळेच्या पिशवीला बांधली आणि दुसरी भाजीच्या. एक जूनला कंपनीकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. सरांना आयुष्यात कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या नव्हत्या, कारण खरा वाढदिवस कोणालाच ठाऊक नव्हता आणि खोट्याच्या देण्यात अर्थ नव्हता. परदेशातल्या माणसांनी आठवण ठेवली हे त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. विमानात कधीही न बसलेला आणि कंपनीच्या लेखी सदैव हवेत असलेला एवढा मोठा प्रवासी लिंबायतने त्याआधी पाहिला नव्हता. मैल बावन्न हजारांवर गेले. प्रमिलाबाईंनी फेऱ्या चाराच्या सहा केल्या.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत पत्र आलं. या वेळी सुरुवातीला प्रिय नव्हतं. अकरा डिसेंबरला आपण ब्रुसेल्सहून मुंबईकडे आणि त्याच वेळी मुंबईहून लंडनकडे प्रवास केल्याचं आमच्या नोंदीत दिसतं, तरी आपण समक्ष मुंबई कार्यालयात येऊन खुलासा करावा, तोवर आपलं खातं स्थगित आहे.

"दोन्ही विमानं वाटेत समोरासमोरून गेली असतील," मोडक म्हणाले. "तुम्ही खिडकीतून स्वतःलाच हात केला असेल."

सरांना हसू आलं नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी मुलांकडून खुलासे घेतले होते. खुलासा देण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायला त्यांनी शाळेच्या कार्यालयात हजेरीचा दाखला मागितला: सदर शिक्षक अकरा डिसेंबर रोजी शाळेत हजर होते, ब्रुसेल्स किंवा लंडन येथे नव्हते.

"हजर होते हे लिहितो," मुख्य लिपिक म्हणाले. "ब्रुसेल्सला नव्हते हे मी कसं लिहू? ब्रुसेल्सचं मस्टर माझ्याकडे कुठाय?"

अर्धा तास वाद झाला. शेवटी लिपिकांनी अर्धाच दाखला दिला. सरांनी तो घेतला, भिंतीवरची फ्रेम काढली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि पहाटेची फ्लाइंग रानी पकडली. फ्रेम कशासाठी, हे त्यांनी प्रमिलाबाईंना सांगितलं नाही. मुंबईपर्यंत ती त्यांनी मांडीवर धरली. समोरच्या बाईने कोणता देव म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, "मुलगी."

चिमणीवाल्यांचं कार्यालय काचेचं होतं आणि आत इतकं गार होतं की सरांना प्रमिलाबाईंच्या बुटांची कल्पना पटली. सभासदांच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकारी अरुणा सबनीस या पन्नाशीच्या, चष्मा नाकावर ओढून बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सरांचा फॉर्म समोर ठेवला, दोन वर्षांपूर्वीचा. युनिट दोन, युनिट तीन.

"हे युनिट म्हणजे काय?"

सरांनी सांगितलं. रेशनकार्ड, कुटुंबप्रमुख, साखर, रॉकेल, मोडक, मगनभाईंचा भाचा, सगळं. काही लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. शेवटी त्यांनी हजेरीचा दाखला अभिमानाने पुढे केला.

सबनीसबाईंनी तो वाचला. "म्हणजे तुम्ही त्या दिवशी शाळेत होता."

"पूर्णवेळ."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"एकही रजा नाही."

"म्हणजे तुम्ही एकदाही उडाला नाहीत."

"नाही," सर म्हणाले, आणि म्हणताम्हणता त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्याच हाताने स्वतःविरुद्धचा पुरावा टेबलावर ठेवला आहे.

"सर, आमच्याकडे साधा नियम आहे. खुर्चीत जो बसतो, त्याचेच मैल. दुसऱ्याच्या नावावर दुसऱ्याने बसायचं नाही."

अठ्ठावीस वर्षांत सरांनी परीक्षेला दुसऱ्याच्या जागी बसलेले चार डमी पकडले होते. एकाला तर कान धरून दारापर्यंत नेलं होतं. मोठ्या विमान कंपनीत ते स्वतः डमी बसवणारे निघाले होते, आणि तेही बावन्न हजार मैल. त्यांचे कान तापले.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "चंदेरी कार्ड घ्या. सगळे मैल कापा. पण एक विनंती आहे." त्यांनी चादर सोडली. "यातले पहिले आठ हजार माझ्या मुलीचे आहेत. ती खुर्चीत स्वतः बसली होती. हा पास. माझी चूक तिच्या गुणांतून कापू नका."

सबनीसबाईंनी फ्रेम जवळ ओढली. काचेवर कुंकवाचा डाग होता. त्यांनी चष्मा काढला.

"मुलगी विद्यार्थिनी आहे?"

"मे महिन्यात पदवी मिळते. कापडाचं रसायनशास्त्र. माझे वडील लूमवर होते."

"मग तुम्ही विद्यार्थी सभासदत्व का नाही घेतलं?" त्यांनी तेच जुनं माहितीपुस्तक काढून शेवटचं पान उघडलं. क्वचित प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तिथे चार ओळींची वेगळी योजना होती. फुकट तिकीट नाही, चंदेरी कार्ड नाही. एक प्रवास नोंदलेला असला की पदवीदानाला आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला, अर्ध्या तिकिटात. सरांनी त्या पुस्तकाच्या कागदाला दहापैकी आठ गुण दिले होते. शेवटचं पान मात्र त्यांनी वाचलं नव्हतं. मुलांना ते दर परीक्षेला बजावत, पान उलटून बघा.

"आता उशीर झाला असेल," ते म्हणाले.

"दोन वर्षांच्या आत मूळ पास दिला तर प्रवास मुलीच्या नावावर लावता येतो. फोटोकॉपी चालत नाही. हाच पास लागेल."

सरांनी फ्रेमकडे पाहिलं. दीड वर्ष घरी आलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी ती दाखवली होती. मग त्यांनी खिशातली किल्ली काढली, मागचे खिळे एकेक करून उचकटले, काच बाजूला ठेवली आणि पास दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला.

"पावती मिळेल ना?"

पावती मिळाली. मग बाईंनी दुसरा फॉर्म पुढे केला. सोबत येणाऱ्या पालकाचं नाव. "एकच," त्या म्हणाल्या. "आई किंवा वडील."

सरांनी पेन उघडलं. पालक म्हटलं की वडील, हे ते आयुष्यभर लिहीत आले होते. सोसायटीतही कोणी काही म्हटलं नसतं. मुलीला शिकवलं कोणी, गांधीनगरला गेलं कोणी, आणि आता कान तापेपर्यंत ऐकून घेतलं कोणी? क्षणभर त्यांनी स्वतःला त्या सभागृहात बसलेलं बघितलं, नव्या सफारीत. जायचं होतं त्यांना. फार जायचं होतं. पण त्या सभागृहात पाय ठेवण्याचा सराव त्यांच्या घरात एकाच माणसाने केला होता, साडीखाली पांढरे बूट घालून, रोज सहा फेऱ्या. त्यांनी लिहिलं, प्रमिला सुकदेव बोरसे.

"नातं?"

"आई."

"यांचंही कार्ड निघेल," बाई म्हणाल्या. "यांच्याच नावाचं. आणि सर, यात युनिट नसतात."

योगिताने उरलेलं अर्धं तिकीट आपल्या शिष्यवृत्तीतून काढलं. कार्ड आठवड्याने आलं. प्रमिलाबाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "तुम्हनं नाव कोठे शे याम्हा?"

"मधम्हा शे," सर म्हणाले. "पयलं तुनं."

मे महिन्यात भेस्तानहून एक मेटाडोर भरून माणसं प्रमिलाबाईंना मुंबईच्या सहार विमानतळावर पोचवायला गेली. मगनभाईंनी थेपल्यांचा डबा दिला, मोडकांनी खुर्चीचा पट्टा कसा बांधायचा ते दोनदा करून दाखवलं. सर काचेबाहेर उभे होते. आत काउंटरवर काहीतरी विचारलं गेलं, आणि प्रमिलाबाईंनी पर्समधून कार्ड काढून ठेवलं, बाजारात सुटे ठेवावे तसं सहज. मग त्यांनी वळून काचेपलीकडे सरांना शोधलं. सरांनी हात वर केला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मोडकांनी ते बघितलं तरी सरांनी पुसले नाहीत.

तीन आठवड्यांनी प्रमिलाबाई परत आल्या. पहिली रांग नव्हती, तिसरी होती, पण योगिताने व्यासपीठावरून हात केला, आणि सगळे वळून बघू लागले की ही कोणाला हात करते, असं त्यांनी सोसायटीला सांगितलं. सोसायटीने ते रोज ऐकलं. बातमी सांगण्याचं काम आता सरांकडे राहिलं नव्हतं.

रिकामी फ्रेम सरांनी पुसली, काचेवरचं कुंकू राहू दिलं आणि प्रमिलाबाईंच्या पासाचा तुकडा आत बसवून त्याच खिळ्याला टांगली.

जूनमध्ये तोच पोस्टमन एक रजिस्टर पत्र घेऊन आला. त्याने सवयीने भिंतीकडे बघितलं. नाव वेगळं होतं. या वेळी हार नव्हता, म्हणून त्याने टोपी डोक्यावरच ठेवली, पण विचारताना आवाज खाली आला. "ह्या कोण, सर?"

"कुटुंबप्रमुख," सर म्हणाले, आणि आत वळून त्यांनी प्रमिलाबाईंना हाक मारली. मग पोस्टमनला म्हणाले, "थांबा, सही त्याच करतील."